मदत हवी आहे: वारसाहक्काच्या बंदुका आणि दोनची मर्यादा

नमस्कार मंडळी. आमचं गाव सिंधुदुर्गात. वडील वारले, त्यांच्या परवान्यावर दोन बंदुका होत्या: एक आजोबांची ठासणीची, दुसरी बारा बोअरची दुनळी. दोन्ही सध्या पोलीस ठाण्यात जमा आहेत. गावी शेती बघणाऱ्या भावाकडे पीकसंरक्षणाची स्वतःची एक बंदूक आधीच आहे.

आता अडचण अशी. २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीने एका व्यक्तीची मर्यादा तीनवरून दोनवर आणली (मूळ विधेयकात तर एकच होती!), आणि वारसाहक्कालाही तीच लागू आहे. म्हणजे भावाला यातली एकच घेता येईल. रानडुकरं भात लोळवून जातात, त्याला दुनळीच हवी.

मग ठासणीचीचं काय करायचं? ती विकायला मन होत नाही. मी पुण्यात नोकरीला, माझ्याकडे परवाना नाही. केवळ वारस म्हणून मला मिळेल का? अर्ज पुण्यात करायचा की सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे? बहिणीचं ना-हरकत पत्र लागेल का? एजंट भरमसाठ पैसे सांगतोय. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी हे केलं असेल तर कागदपत्रांसकट सांगा.