घरात आजारपण, वर नोकरी… स्वतःकडे बघायचं तरी कधी?

उन्हाळी_दुपार:
नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होईल, सांभाळून घ्या. मी नागपुरात मानेवाड्याला राहते. होळीच्या आसपास बाबांना लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही अडखळतं. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे उठवणं-बसवणं, फिजिओवाल्याची वेळ जमवणं, औषधं सगळं माझ्याकडे, वर मिहानमधली नोकरी. दादा पुण्याला. पैसे पाठवतो, रोज फोनही करतो, पण तो फोन म्हणजे "हे दिलं का, ते केलं का" अशी हजेरीच. आता मलाच काहीतरी होऊन राहिलं. रात्री तीनला डोळे उघडतात ते उघडेच, चिडचिड तर विचारू नका, परवा दूध उतू गेलं तर ओट्याशी उभी राहून रडत बसले. रीलवाले म्हणतात पहाटे पाचला उठा, जर्नल लिहा, मी-टाइम काढा. कुठून काढू बाप्पा, इथं आंघोळ पाच मिनिटांत उरकते! ज्यांनी घरात असं काढलंय त्यांनी सांगा, खरंच काय कामी आलं?

झणझणीत_रस्सा:
ताई विपश्यना करा. दहा दिवस मौन, फोन बंद. मी करून आलो, डोकं एकदम शांत.

गोकुळपेठची_काकू:
अरे भाऊ, दहा दिवस घर सोडता आलं असतं तर तिनं ही पोस्ट काऊन टाकली असती? आणि झोप उडालेली, सारखं रडू येतं अशा वेळी तासन्‌तास डोळे मिटून बसायच्या आधी डॉक्टरला विचारावं, कोर्सच्या फॉर्मवरही मानसिक त्रासाबद्दल विचारतातच की.

बेटा, माझ्या सासूबाई कित्येक वर्षं अंथरुणाला होत्या म्हणून सांगते, वेळ निघत नसतो, कोणाच्या तरी गळ्यात काम घालावं लागतं. भेटायला येणारे येतात ना, दुपारी तीनला, चहा पिऊन "काळजी घ्या हं" म्हणून जातात? त्यातल्या एकाला सांगायचं, मामा तुम्ही बसा बाबांजवळ तासभर, मी आलेच. आणि निघायचं. फुटाळा तलावावर जा नाहीतर मैत्रिणीकडे जाऊन नुसती झोप, पण त्या तासात मेडिकल स्टोअर न्‌ किराणा करायचा नाही! दादालाही नेमकं काम दे. स्पीच थेरपिस्टनं सराव दिला असेल तर तो रोज संध्याकाळी त्यानं व्हिडिओ कॉलवर घ्यायचा, शब्द म्हणवून घ्यायचे, चित्रं ओळखायला लावायची. फोन धरायला आई बसेल, तू खोलीचं दार लावून घे. आणि आठवड्यातून दोन रात्री अटेंडंट लाव, पैसे त्याचेच. "थोडी मदत कर" म्हटलं की पुरुषांना काही समजत नाही, वार आणि वेळ सांगावी लागते.

नाइट_ड्यूटी:
मी नर्स आहे, झोपेपुरतं बोलते. रात्री कधीही झोपा, उठायची वेळ एकच ठेवा. तीनला जाग आली तर घड्याळ बघू नका, वीसेक मिनिटं तळमळत असाल तर उठून मंद लाइटमध्ये बसा, डोळे जड झाले की परत पलंगावर. दुपारनंतर चहा बंद (मला माहिती आहे नागपुरात हे सांगणं म्हणजे पाप आहे), पण कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. सध्या उकाडाही आहे, गाढ झोपेसाठी अंग थोडं थंड व्हावं लागतं, म्हणून कूलरची टंकी झोपायच्या आधीच भरून ठेवा. एकदा थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घ्या, थकवा नि चिडचिड तिथूनही येते. आणि उदास वाटणं, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांच्या वर रोजचंच झालं असेल तर फक्त फिरण्यानं भागवू नका, दाखवाच.

संत्रा_बर्फी:
मी गोळ्या घेते, त्यामुळे खरं सांगते. घरचे आधी म्हणाले, "पागलखान्यात जाणार का?" नागपुरात मानसोपचार म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं, पण मेडिकलमध्येही, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातही, मानसोपचाराची ओपीडी आहे, चिठ्ठी काढायची आणि लाइनीत बसायचं, बाकी पेशंटसारखंच. बाहेर पडणं जमत नसेल तर टेलि-मानस, 14416, मानसिक त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, सरकारी आहे, 2022 पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुमचं तीन वाजताचं प्रकरण आहे ना, तेव्हाही लागतो. जगणंच नकोसं वाटायला लागलं तर मात्र कोणाची वाट न बघता तेव्हाच फोन करायचा आणि घरात कोणालातरी उठवायचं. गोळ्या सगळ्यांनाच लागत नाहीत. मला लागल्या, फरक कळायला काही आठवडे गेले, सुरुवातीला मळमळ झाली. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत एवढं पाळा.

उन्हाळी_दुपार:
काकू, स्पीचवाल्या मॅडमचा कागद फ्रिजवर पडूनच आहे, आत्ता फोटो काढून दादाला टाकला. त्यानं होकाराचा अंगठा पाठवलाय, बघू. टेस्ट शनिवारी करते. अटेंडंटचं मात्र टेन्शन येतं, अनोळखी बाईवर रात्रभर बाबांना कसं सोडायचं?

गोकुळपेठची_काकू:
अटेंडंट पुरवणाऱ्या ब्यूरोतून घे, आधारची कॉपी ठेव, आधी जिथं काम केलं त्या घरी फोन लावून विचार. पहिल्या रात्री तू घरातच राहा, बाजूच्या खोलीत झोप. आणि बाबांना कुशीवर कसं वळवायचं, पाणी कसं पाजायचं ते तिला तुझ्यासमोर करून दाखवायला लाव, लकव्याच्या पेशंटला ठसका लागतो. त्यांना सरळ बसवूनच घोट घोट द्यायचं.