महापालिकेच्या शाळेत आषाढीची पूजा सगळ्या मुलांना कम्पल्सरी करता येते का?

सातरस्ता_आई:
नमस्कार, मुलगी दुसरीत आहे, महापालिकेच्या शाळेत. एकादशीला सुट्टी म्हणून आदल्या दिवशी दिंडी ठेवलीये, पोरींना परकर-पोलकं, डोक्यावर तुळस, पोरांना टाळ. आमची हौसेने नाचतीये. पण दिंडीनंतर विठ्ठलाची पूजा, आरती आहे आणि ग्रुपवर मेसेज आलाय की सगळ्यांनी थांबायचंच. हिच्या बाकावरची मैत्रीण मुसलमान आहे, तिची आई मला विचारत होती काय करू, बाईंना बोलायला संकोच वाटतो म्हणे. नियम काय आहे?

कोर्टरोड:
घटनेचं कलम २८ बघा. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतसुद्धा पूजा-प्रार्थनेला मुलाला बसवायचं तर पालकांची संमती लागते. संत कोण होते, वारी काय असते हे शिकवायला काहीच अडचण नाही, २००२ च्या अरुणा रॉय केसमध्ये सुप्रीम कोर्टाने धर्मांची माहिती देणं आणि धार्मिक शिक्षण यात फरक केलाय.

बाळीवेसकर:
काय ओ, एवढ्याशा गोष्टीला घटना कशाला? आपल्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, सगळ्या जातीधर्माची माणसं येतात, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला रस्त्यावर उभी असतात, कुणी कधी विचारलं का तू कोण म्हणून?

निवृत्त_गुरुजी:
बाळीवेसकर, गड्ड्याला माणूस आपल्या पायाने जातो, तिथं हजेरी नसते. शाळेत सात वर्षांचं लेकरू बाईंना नाही म्हणू शकत नाही, सगळा फरक तिथंच आहे. मी नोकरीत असताना दिंडीत सगळी पोरं असायची, उर्दू माध्यमाची शेजारची पोरं पण टाळ वाजवायला यायची, तेलुगू पोरी बतुकम्माची गाणी म्हणायच्या आणि ईदला शीरखुर्मा वर्गात यायचा. ह्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही माध्यमांच्या शाळा आहेत, सणाशिवाय शाळा मला तरी बघवणार नाही. पण आरतीच्या वेळी ज्यांना नको ती पोरं माझ्याबरोबर राजगिऱ्याचे लाडू वाटायची तयारी करायची, कुणाला वेगळं बसवलं असं वाटायचं नाही. आणि हे आधीच पालकसभेत सांगून टाकायचं, म्हणजे कुठल्या आईला एकटीने विचारायला जावं लागत नाही.

सातरस्ता_आई:
लाडवांचं पटलं गुरुजी. उद्या आम्ही दोघी मिळूनच मोठ्या बाईंना भेटतो, बोलणं मीच सुरू करते. संमती लेखी मागायची का तोंडी चालेल?

कोर्टरोड:
तुम्ही नाही मागायची, शाळेने पालकांकडून घ्यायची असते. आधी बोलून बघा, बाई ऐकतील. नाहीच ऐकलं तर अर्ज द्या आणि पोच घ्या.