'मिडनाइट ऑइल' आणि 'कँडल ॲट बोथ एंड्स' एकच आहे का?

पेठेतली_अभ्यासिका
नमस्कार, एक शंका आहे. नोट्समध्ये 'बर्न द मिडनाइट ऑइल' आणि 'बर्न द कँडल ॲट बोथ एंड्स' या दोन्हीपुढे 'रात्रीचा दिवस करणे' एवढंच लिहिलंय. परवाच्या टेस्टमध्ये मी लिहिलं की माझ्या भावाने कँडल दोन्ही टोकांनी जाळून फर्स्ट क्लास मिळवला, तर सरांनी लाल पेनने गोल केला आणि अर्धा मार्क गेला. का चुकलं ते काही सांगितलं नाही. कोणी नीट समजावेल का प्लीज?

इंग्रजीच्या_बाई
नोट्स चुकल्यात बाळा, तू नाही. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात काळजी आहे. फ्रान्सिस क्वार्ल्स नावाच्या इंग्रज कवीने १६३५ साली 'एम्ब्लेम्स' या पुस्तकात दुपारचा घाम आणि मध्यरात्रीचं तेल अशी जोडी लावली, म्हणजे दिवसा अंगमेहनत आणि रात्री दिव्याशेजारी बसून विचार. (हे तेल रॉकेल नाही बरं का, रॉकेल यायला अजून दोनशे वर्षं होती.) म्हणून भावाच्या फर्स्ट क्लासला हेच बसतं.

आता मेणबत्तीचं बघ. एक मेणबत्ती आडवी धर आणि दोन्हीकडून पेटव. उजेड दुप्पट पडेल, पण मेण दोन्ही बाजूंनी टपटप गळेल, धरायला जागा उरणार नाही आणि निम्म्या वेळात सगळा खेळ खलास. फ्रेंचमधून आलेला वाक्प्रचार आहे हा, कॉटग्रेव्हच्या १६११ च्या फ्रेंच-इंग्रजी डिक्शनरीत सापडतो. आधी तो पैशाच्या उधळपट्टीबद्दल होता, नवरा उधळ्या आणि बायकोही उधळी असं घर, आणि मग हळूहळू पैशाच्या जागी माणसाची ताकद आली. दिवसभर नोकरी, रात्री दोनपर्यंत पुस्तक, पहाटे पाचला परत गजर आणि महिन्याभरात अंथरूण धरलं, तिथे कँडल वापरायचं.

गिरणगावकर
बाईंनी छान सांगितलं. यातच 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट' पण लोक घुसवतात, तिचा जास्त मेहनतीशी काही संबंध नाही, ती फक्त वेळ आहे, आपली रातपाळी. माझे वडील लालबागला मिलमध्ये होते, तिसऱ्या पाळीवरून सकाळी यायचे तेव्हा केसात कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि आई चाळीत आम्हाला हळू बोला म्हणायची. त्या पाळीला कोणी अभ्यासाची रात्र म्हणेल का? आणि चुकून जिवंत पुरलेला माणूस जागा झाला तर कळावं म्हणून शवपेटीला घंटा बांधून रात्रभर पहारा द्यायचे, त्यावरून हे नाव पडलं, ही व्हॉट्सॲपवरची गोष्ट खरी धरू नका. तिला आधार नाही. जहाजावरही मध्यरात्री ते पहाटे चारच्या पहाऱ्याला 'ग्रेव्हयार्ड वॉच' म्हणायचे, त्या वेळची सामसूम डोळ्यापुढे आणा म्हणजे झालं.

अनुवाद_करते
अजून एक खड्डा सांगते, मी स्वतः दोनतीनदा दुसऱ्यांच्या कामात दुरुस्त केलाय. ऑइल दिसलं की लोक 'डोळ्यात तेल घालून' लिहितात. तो पहारा झाला! आजारी माणसाच्या उशाशी बसतो, शेताची राखण करतो, तेव्हा डोळ्यात तेल. अभ्यासाला 'रात्रीचा दिवस केला' हेच बरोबर. कँडलला मात्र मला अजून तयार वाक्प्रचार मिळालेला नाही, कारण रक्ताचं पाणी, हाडाची काडं, जिवाचं रान, हे सगळं आपण शाबासकीनेच म्हणतो. मग मी सरळ आई बोलते तसं लिहिते, 'ना झोप ना जेवण, अशानं आडवा पडशील'.

पेठेतली_अभ्यासिका
खूप खूप आभार सगळ्यांचे, आता डोक्यात बसलं. बाई, मग हे बरोबर का, की मी सकाळी पार्टटाइम जॉब करते, रात्री तीनपर्यंत अभ्यासिकेत असते, मेसचा डबा बऱ्याचदा तसाच परत जातो, तर इथे कँडल?

इंग्रजीच्या_बाई
हो, इथे कँडलच. पूर्ण मार्क. पण आजचा डबा आधी उघड.