हप्त्यावरचा प्लॉट, घराचा कागद आणि 'विश्वास': हा भूगोलाचा विषय होतो का?

मेहरूणची_मुलगी
नमस्कार मंडळी. भूगोलात एम.ए. झालंय, पीएचडीचा विषय ठरवतेय आणि डोकं पार भंजाळलंय. डेव्हिड हार्वे म्हणून ब्रिटिश भूगोलवाला आहे, 1969 ला अमेरिकेत बाल्टिमोरला शिकवायला गेला. आदल्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंगच्या खुनानंतर तिथे दंगली झालेल्या. त्याआधी हा माणूस सिद्धांत, आकडेमोड, मॉडेल यातला, पण तिथे जाऊन घरांच्या मागे लागला. लता चॅटर्जींबरोबर त्याने शहराचे भाग पाडून बघितलं की कोणत्या भागात घर घ्यायला पैसा येतो कुठून. तर आतल्या गरीब भागात बँका फिरकतच नव्हत्या, सगळं रोखीने नाहीतर खाजगी उसनवारीने. गोऱ्या कामगारांच्या मोहल्ल्यात छोट्या बचतसंस्था, म्हणजे आपल्या पतपेढ्याच समजा. श्रीमंत भागात मोठ्या बँका. आणि पश्चिमेकडे काळ्या कुटुंबांना कर्ज मिळत नसल्यामुळे 60 च्या दशकात दलाल लोक घर स्वस्तात घ्यायचे, भाव चढवून त्यांना हप्त्यावर विकायचे, पण कागद विकणाऱ्याच्याच नावावर राहायचा. हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही.

हे वाचलं आणि मला सरळ आपल्या जळगावच्या बाहेरचे प्लॉट आठवले. शेतात चुन्याच्या रेघा, मालकाच्या हातची पावती, "सातबारा आपलाच आहे ताई, टेन्शन नका घेऊ". आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणांनी अशीच जागा घेतलीय, घरं बांधून राहतात पण. मला हेच करायचंय, की कागद नसताना लोक कोणाच्या भरवशावर आयुष्याची कमाई टाकतात आणि तो भरवसा फसला तर भुर्दंड कोणाला. सर म्हणतात विश्वास वगैरे समाजशास्त्राकडे जातं, भूगोलात नकाशा दाखव. आता विश्वासाचा नकाशा कसा काढू? कोणी असं काम केलंय का, किंवा या व्यवहारातलं कोणी आहे का इथे?

टेबल_कोर्टासमोर
ताई मी बाँड रायटर, म्हणजे लोकांना स्टॅम्प पेपरवर करार लिहून देणारा. जळगावातच बसतो, रोज हेच लिहितो. तुम्ही विश्वास म्हणताय ते ऐकायला गोड वाटतं पण आमच्या टेबलावर विश्वास फार कमी येतो, नाइलाज येतो. हमालीवाला, भाजीवाली, एमआयडीसीतला कंत्राटी पोरगा, त्याला एन.ए. (बिगरशेती मंजुरीच्या) लेआउटमधला प्लॉट परवडत नाही. मग तो शेतातला एखाद गुंठा घेतो. तो गुंठा सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायला गेला की तुकडेबंदी आडवी यायची (2025 ला शहरालगत ती सैल झाली), 1947 चा कायदा आहे तो, शेतीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून केलेला. हेतू चांगला होता पण भोगतोय कोण बघा. खरेदीखत होत नाही म्हटल्यावर काय करायचं, तर साठेखत, म्हणजे पुढे विकून देण्याचा नुसता करार लिहायचा, नोटरी करायची, दोन साक्षीदार, फोटो, अंगठा. पूर्वी शंभराचा स्टॅम्प चालायचा आता पाचशेचा. लोकांना वाटतं गोल लाल शिक्का बसला म्हणजे जागा आपली झाली. मी तोंडावर सांगतो की बाबा याने मालकी येत नाही. 2011 ला सुप्रीम कोर्टानेच सांगून टाकलंय की मुखत्यारपत्र आणि असल्या कागदांवर जागेची मालकी जात नाही, नोंदलेलं खरेदीखतच पाहिजे. ऐकून घेतात, मान हलवतात, आणि म्हणतात लिहा. कारण भाडं भरून भरून कंटाळलेले असतात.

साक्षीदार कोण आहे ते बघत जा तुम्ही. सगळी गंमत तिथे आहे. मालक गावचा, साक्षीदार घेणाऱ्याच्या मामाच्या गावचा, म्हणजे उद्या मालक फिरला तर मामाच्या गावात त्याला तोंड दाखवायला जागा नको. कायद्याच्या ऐवजी नात्याचा धाक लावून ठेवतात.

पांझराकाठ
वरच्या भाऊंनी अर्धा प्रबंध लिहून दिला तुम्हाला 🙂 मी धुळ्यात कॉलेजला भूगोल शिकवते. तुमच्या सरांना नकाशा पाहिजे ना, मग देऊन टाका. नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा उतारा शोधता येतो, मुंबई सोडून बाकी महाराष्ट्राचा साधारण 2002 पासूनचा. दुसरीकडे महापालिकेची घरपट्टी. ज्या घरांना घरपट्टी लागते, नळ आहे, मीटर आहे पण जागेचा इंडेक्स टू सापडतच नाही, ती घरं गटनंबरावर बसवत जा. वॉर्डावॉर्डाने ठिपके पडतील आणि ते वाटेल तिथे पडणार नाहीत, नाल्याकडेला, रेल्वे लाइनीपलीकडे, हायवेच्या त्या अंगाला पडतील. नकाशा हाच. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नसते, पण गल्लीत जाऊन विचारा, लोक तीच पावती लॅमिनेट करून कपाटात ठेवतात.

एक मात्र सांगते, हार्वे जसाच्या तसा उचलून जळगाववर चिकटवू नका, गाईडने नाही धरलं तरी तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक धरतील. बाल्टिमोरला वंशभेद आणि बँका होत्या. आपल्याकडे शेतजमिनीचा कायदा, जात आणि नगरपालिका हे तिन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच की घराचा पैसा आणि घराचा कागद कोणत्या वाटेने येतो त्यावरून शहर कसं वाटलं गेलंय ते दिसतं.

आणि नगरपालिकेवरचा विश्वास धरा, तो सुटतोय तुमच्या मांडणीतून. जळगावचं घरकुल प्रकरण तुमच्या दाराशी आहे. गरिबांसाठी हजारो घरकुलं बांधायची योजना, कर्ज काढून काम सुरू, त्यात घोटाळा, आणि शेवटी 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या धुळ्याच्या विशेष कोर्टात 48 जणांना शिक्षा. अपिलं वगैरे पुढे झाली तो भाग वेगळा. पण ज्या माणसाला पालिकेचं घर मिळणार होतं आणि मिळालं नाही, तो नंतर एखाद्या शेतकऱ्याच्या हातच्या पावतीवर का विसंबणार नाही? त्याच्या हिशोबात शेतकरी जास्त भरवशाचा.

केळीवाला_रावेर
एवढं काय पीएचडी करायचंय त्यात 😄 आमची आजी म्हणायची कागद काय खावाना शे का. बायको-पोरांचं छप्पर झालं की झालं

टेबल_कोर्टासमोर
@केळीवाला_रावेर भाऊ तुमची केळीची बाग आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, बँक पीककर्ज देते. कागद खायला लागत नाही हे ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच सुचतं. राग मानू नका.

तापीकाठची_लेक
भाड्याच्या घराचं कोणी बोलत नाहीये. विश्वासाचा प्रश्न तिथे सगळ्यात उघडा आहे. घर बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनाव. पाटील सांगितलं तरी सुटका नाही, लगेच "कोणते पाटील?", लेवा का मराठा का गुजर. आणि आडनावावरून दलित किंवा मुसलमान कळलं तर खोली कालच गेलेली असते. दिल्ली आणि आजूबाजूच्या शहरांत सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पाहणी केली होती, 2015 ला छापून आली. घर पाहिजे म्हणून फोन करायचे, समक्षही जायचे. सवर्ण नावाला बहुतेक ठिकाणी हो, दलित आणि मुसलमान नावांना पुष्कळदा नकार नाहीतर जास्त भाडं नाहीतर नसत्या अटी. या टीममध्ये एक भूगोलाच्या प्राध्यापकही होत्या, म्हणजे तुमच्या सरांना सांगा भूगोलवाले हे करतात.

आणि बायकांची नावं! पंतप्रधान आवासच्या घरात बाईचं नाव लावायला सांगतात, घर खरेदीत बाईला मुद्रांकात 1 टक्का सूट आहे, पण नोटरीवाल्या साठेखतावर बाईचं नाव किती वेळा असतं ते बाँड रायटर काकांना विचारा.

टेबल_कोर्टासमोर
क्वचित. हप्ता पुष्कळदा बाईच्या भिशीतून किंवा बचत गटातून भरलेला असतो, नाव नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं.

नवापूर_रोड
मी नंदुरबारचा. आमच्याकडे अजून एक गाठ आहे ती तुमच्या हार्वेला माहीत नसणार. शहराला लागून आदिवासींची जमीन, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे ती बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही. हे कलम पाहिजेच, नाहीतर काहीच शिल्लक राहिलं नसतं. पण मग व्यवहार होतो तो तोंडी. साधी चिठ्ठी, कधी तीही नाही. यात फसतं कोण म्हणाल तर दोन्हीकडून गरीब. भिल्ल मालकाला किरकोळ पैसे मिळतात आणि ज्याने घर बांधलं त्याच्या पोराला उद्या घरकुल मागायचं झालं तर जागेचा पुरावा नाही. शहरी पंतप्रधान आवासमध्ये स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, पण जागा आधी स्वतःची असल्याचं दाखवा. म्हणजे ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच.

शहरातल्या भिलाटीत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीत तर लोक पिढ्यानपिढ्या राहतायत आणि त्यांना आपण अतिक्रमणवाले म्हणतो. ताई तुम्ही विश्वास विश्वास करताय, तिथे जाऊन विचारा सरकारवर विश्वास आहे का, हसतील. सर्व्हे करायला आलेल्या माणसाकडे पण ते त्याच नजरेने बघतात, कारण आधीच्या सर्व्हेनंतर नोटीस आलेली असते. तुमच्या हातात फॉर्म दिसला की दारं लागतील. बिना फॉर्मचं जा, कोणीतरी तिथलंच सोबत घेऊन, आणि गटनंबर-नाव छापू नका.

पांझराकाठ
@नवापूर_रोड शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. मी वर घरांचे ठिपके टाका म्हटलं, ते छापताना घराघराचे नाही टाकायचे, मोठा चौकोन करून आकडा टाकायचा. तुमचा नकाशा उद्या कोणीतरी जेसीबी पाठवायला वापरू शकतो.

मेहरूणची_मुलगी
बापरे, एवढं येईल असं वाटलंच नव्हतं. सगळ्यांचे आभार. नाइलाजाचा मुद्दा मला रात्रभर छळतोय. पण काका, पूर्ण नाइलाजच असता तर लोकांनी मिळेल त्या पहिल्या माणसाकडून घेतलं असतं ना? ते तर विचारपूस करतात, साक्षीदार बघून ठरवतात, मामाच्या गावचा शोधतात. पर्याय थोडे आहेत म्हणूनच कोणावर भिस्त ठेवायची हे इतकं तोलून बघतात असं मला वाटतंय. तोलायला ज्यांच्याकडे मामाच नाही, म्हणजे बाहेरून आलेले, विधवा, जात वेगळी असलेले, ते सगळ्यात महाग आणि सगळ्यात कच्च्या कागदावर घेत असतील. हे तपासता येईल बहुतेक, भाव आणि साक्षीदाराचं नातं शेजारी ठेवून.

अजून एक, गुंठेवारीचा, म्हणजे असे गुंठ्यागुंठ्याने विकलेले प्लॉट नियमित करायचा 2001 चा कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना संधी दिली. मग लोक नियमित करून का घेत नाहीत?

टेबल_कोर्टासमोर
मामाचा मुद्दा बरोबर आहे तुमचा, एवढं मान्य. विधवा बाईला भाव जास्त लागतो हे मी टेबलावर बघितलंय.

गुंठेवारीला पैसा लागतो ना. प्रशमन शुल्क (विनापरवाना कामाचा दंडच तो), विकास शुल्क, मोजणी, इंजिनिअरचा नकाशा. त्यात मूळ मालक मेलेला असतो, पाच वारस, एक सुरतला. आणि एकाने फाइल टाकली तर सगळ्या गल्लीवर नजर जाईल ही भीती, म्हणून गल्लीच एकमेकांना थांबवून धरते. नाला किंवा रस्त्याच्या आरक्षणात जागा असेल तर विषयच संपला.

तुम्ही या टेबलावर, लिहिताना बसून बघा. नावं लिहून घ्यायची नाहीत एवढीच अट. शुक्रवारी नको, त्या दिवशी गर्दी असते, चहा पण प्यायला मिळत नाही.

केळीवाला_रावेर
@टेबल_कोर्टासमोर राग नाही आला काका. माझ्या सालदाराने असाच गुंठा घेतलाय भुसावळकडे, चिठ्ठीवर. त्याला घेऊन येऊ का तुमच्याकडे? तेव्हा कागद बघाल का जरा