टर्मिनलवरील तक्त्यात रॅप होणारा मजकूर: कोड रिव्ह्यू करताना काय तपासावे?

अंधेरीकर:
आमच्या कार्यालयातील एका नव्या सहकाऱ्याने लोकलच्या स्थानकांची माहिती टर्मिनलवर (संगणकाच्या फक्त मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) तक्त्यात छापणारा पायथन कोड रिव्ह्यूसाठी, म्हणजे तपासणीसाठी, पाठवला आहे. स्तंभात न मावणारे नाव पुढच्या ओळीवर उतरवायचे, म्हणजे ‘रॅप’ करायचे, एवढेच त्या कोडचे काम. इंग्रजी नावांवर सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात. मराठी नावे घातली की उजवीकडची उभी रेघ वाकडीतिकडी होते. नेमके कशावर बोट ठेवावे?

मुलुंडकर:
आधी रुंदी कशाने मोजली आहे ते पाहा. ‘मुंबई’ या शब्दात ५ कोडपॉइंट (संगणक वेगवेगळी मोजतो अशी चिन्हे) आहेत, पण उकार आणि अनुस्वार स्वतंत्र जागा घेत नसल्यामुळे तो टर्मिनलच्या ३ घरांत (एकेका अक्षराच्या जागांत) मावतो. कोडपॉइंट मोजणाऱ्या पायथनच्या ‘लेन’ (len) फंक्शनवर विसंबून १० घरांच्या स्तंभात ५ स्पेस भरल्या, की एकूण ८ घरेच होतात आणि रेघ २ घरे आत सरकते. ओळी मोडणारे पायथनचे ‘टेक्स्टरॅप’ (textwrap) मॉड्यूलही आतून ‘लेन’च वापरते, त्यामुळे नुसते पॅडिंग (स्पेस भरणे) सुधारून भागणार नाही. मजकूर किती घरे घेतो ते सांगणाऱ्या ‘डब्ल्यूसीविड्थ’ (wcwidth) पॅकेजवर आधारलेले मोजणीचे एकच फंक्शन लिहून, ओळ मोडताना आणि स्पेस भरताना तेच वापरावे, असा आग्रह धरा. जोडाक्षरे मात्र निरनिराळे टर्मिनल निरनिराळी दाखवतात. तिथे थोडे सोसावे लागेल.

दादरकर:
यात रंगांची भर घालतो. लाल रंग सुरू करणारा एस्केप क्रम (टर्मिनलला दिलेली, पडद्यावर न दिसणारी सूचना) ५ वर्णांचा आणि रंग बंद करणारा ४ वर्णांचा असतो. हे न दिसणारे ९ वर्ण रुंदीत धरले जात नाहीत ना, ते पाहा. रंगीत मजकूर मधेच मोडला, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी रंग बंद करून पुढच्या ओळीत पुन्हा सुरू करावा लागतो, अन्यथा शेजारचा स्तंभही लाल होतो. शिवाय एका रांगेतील रकान्यांच्या ओळी ‘झिप’ने (zip; सर्वांत कमी ओळींचा रकाना संपला की हे फंक्शन थांबते) जोडल्या आहेत का? मी स्वतः ही चूक केली होती: शेजारच्या रकान्यात एकच ओळ असल्याने ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’मधले फक्त ‘छत्रपती’ छापले गेले, आणि त्रुटीचा संदेश नसल्यामुळे कित्येक दिवस ते कोणाच्या लक्षात आले नाही. तिथे सर्वांत लांब रकाना संपेपर्यंत चालणारे ‘झिप_लाँगेस्ट’ (zip_longest) हवे.

अंधेरीकर:
दोघांचेही आभार. ‘झिप’ सापडले, आणि ‘लेन’ तर चार ठिकाणी आहे. ‘मुंबई सेंट्रल’ आणि लाल रंगातील एक लांब नाव अशा दोन चाचण्या आधी लिहून मगच दुरुस्ती करावी, असा शेरा देऊन कोड परत पाठवत आहे.