चर्चासत्रात सादरीकरण फक्त पीडीएफमध्येच घ्यावं का?

शाईपेन:
माझं मत ठाम आहे: महाविद्यालयांनी नियमच करावा, सादरीकरण पीडीएफमध्येच द्यायचं. सभागृहातल्या संगणकावर पॉवरपॉइंट २००७ किंवा २०१०, आणि वक्ते घरी अगदी नव्या आवृत्तीत स्लाइड बनवून आणतात. फाइल उघडते, त्यामुळे आधी कुणी पाहत नाही. ऐन भाषणात मजकूर चौकटीबाहेर जातो. २००७ पर्यंतच्या फाइलींत व्हिडिओचा नुसता दुवा असायचा, त्यामुळे पेन ड्राइव्हवर फाइल येते आणि व्हिडिओ घरीच राहतो.

मराठीचे हाल सर्वांत जास्त. कृतिदेवसारख्या टंकांत (फॉन्टमध्ये) देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले आहेत. टंक नसलेल्या संगणकावर 'मराठी' हा शब्द 'ई-जे-के-बी-एच' अशा रोमन अक्षरांत येतो. गेल्या चर्चासत्रात एका बाईंचं लोकगीतांवरचं सगळं सादरीकरण असंच दिसलं आणि त्यांना शेवटपर्यंत तोंडीच बोलावं लागलं. पीडीएफमध्ये टंक फाइलीबरोबरच जातो.

भूमितीवाला:
पूर्ण असहमत. पायथागोरसचं प्रमेय शिकवताना मी त्रिकोण एकेक सरकवून कर्णावरच्या चौरसात बसवतो. मुलांना ते सरकताना दिसतं म्हणून पटतं. पीडीएफमध्ये सगळं एकदम समोर येतं, मग शिकवायला उरलं काय?

टंकाच्या अडचणीवर इलाज आहे. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन टंक फाइलीत साठवण्याच्या पर्यायावर खूण करा. टंकाच्या परवान्यात मनाई नसेल तर काम होतं. (मॅकवरच्या जुन्या आवृत्त्या मात्र असे टंक वाचत नाहीत.) आणि आजच्या काळात कृतिदेव का? युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेतांक असलेल्या पद्धतीत लिहा, निदान अक्षरं तरी अक्षरंच राहतील.

गावकुस:
युनिकोडनेही सगळं भागत नाही. मंगल टंकात मापात बसलेली ओळ निर्मला टंकात तुटते. आमच्या शाळेत पॉवरपॉइंटऐवजी फुकटचं लिब्रे ऑफिस आहे, कारण परवान्याला पैसे नाहीत. कॅलिब्री टंकाच्या जागी ते कार्लिटो टंक घेतं, रुंदी तीच असल्याने इंग्रजी मजकूर जागेवर राहतो. देवनागरीत तशी खात्री नाही. लिब्रे ऑफिसचा फाइल-प्रकार ओडीएफ २००६ मध्ये आयएसओ (आंतरराष्ट्रीय) मानक झाला, पॉवरपॉइंटच्या नव्या फाइलींच्या (पीपीटीएक्सच्या) मागचं ओपन एक्सएमएल २००८ मध्ये. एकाच कामाला दोन मानकं आली आणि भुर्दंड आमच्यासारख्यांना. 'नवी आवृत्ती घ्या' असं सांगणाऱ्यांनी शाळेचं अंदाजपत्रक एकदा पाहावं. मी शाईपेन यांच्या बाजूने.

जुनीकपाटं:
सादर करायला पीडीएफ ठीक, पण मूळ फाइल टाकून देऊ नका. पॉवरपॉइंट ९७ च्या आधीच्या फाइली आजची आवृत्ती उघडत नाही, कित्येकांची व्याख्यानं तशीच अडकून पडली आहेत. पीपीटीएक्सचं तसं नाही. ती आतून झिप, म्हणजे अनेक फाइलींचा एक गठ्ठा असते: प्रतीचं नाव बदलून शेवटी झिप लावा, उघडा, 'पीपीटी' फोल्डरमधल्या 'मीडिया'त मूळ छायाचित्रं मिळतात. पॉवरपॉइंटमध्ये फाइल उघडली नाही तरी संशोधन वाचतं.

शाईपेन:
मूळ फाइल जपावी, मान्य. पण भूमितीवाला, तुमचं सरकणं मॉर्फने (एका स्लाइडवरची आकृती पुढच्या स्लाइडवरच्या जागी सरकवणाऱ्या नव्या सोयीने) केलेलं असेल तर सभागृहातल्या २०१० वर ते नुसतं फेड होईल. चित्र विरतं, सरकत नाही. मग प्रमेय पटणार कसं? पीडीएफमध्ये निदान प्रत्येक टप्पा वेगळ्या पानावर ठेवता येतो.

भूमितीवाला:
मॉर्फ मी वापरतच नाही. मोशन पाथ, म्हणजे आकृती आखलेल्या वाटेने सरकवण्याची सोय, पॉवरपॉइंट २००२ पासून आहे आणि आमच्या वर्गातल्या २००७ वर माझे त्रिकोण नीट सरकतात. टप्प्याटप्प्याची पानं म्हणजे सरकणं नव्हे, मुलांना मधलीच हालचाल पाहायची असते. नियम करायचाच तर आयोजकांवर करा: फाइली आदल्या दिवशी मागवा, प्रत्येक फाइल सभागृहातल्याच संगणकावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा, आणि जी बिघडेल तिच्या वक्त्याला त्याच संध्याकाळी फोन करा.