चालकाविना टॅक्सी: गाडी चांगली चालते हो, पण अडकते तेव्हा?

उंबरठा

२० डिसेंबर २०२५, शनिवार. सॅन फ्रान्सिस्कोत पीजी अँड ई या वीज कंपनीच्या उपकेंद्राला आग लागली आणि सुमारे १,३०,००० ग्राहकांची वीज गेली. सिग्नल बंद पडले. वेमो या कंपनीच्या चालकाविना टॅक्सी हॅझार्ड लाइट लावून चौकांत उभ्या राहिल्या, मागे रांगा लागल्या आणि संध्याकाळी वेमोने सेवाच थांबवली.

कॅलिफोर्नियात सिग्नल बंद असेल तर सगळ्यांनी थांबायचं आणि आळीपाळीने जायचं, असा नियम आहे. गाडीला तो नियम माहीत होता. कंपनीच्या सांगण्यानुसार त्या दिवशी ७,००० हून जास्त बंद सिग्नल गाड्यांनी पारही केले. पण काही वेळा गाडी पुढे जाण्याआधी दूर बसलेल्या मदतनिसाकडून खात्री करून घेते. अशा विचारणा एकदम वाढल्या, उत्तरं उशिरा आली, तोवर गाड्या जागेवरच.

माझं म्हणणं एवढंच की अशा टॅक्सी शहरात सोडाव्यात का, हा वाद आपण चुकीच्या आकड्यावर घालतोय. परवानगी देताना गाडी किती अपघात करते ते तपासतात. ती अडकल्यावर किती मिनिटांत रस्ता मोकळा होतो, याची अट कुठे आहे? शहरात किती गाड्या सोडायच्या हे त्या मिनिटांवर ठरवा.

फुलपात्र

असहमत. अडकलेल्या गाडीने लोकांना उशीर होतो, धडकलेल्या गाडीने लोक मरतात. दोन्ही एका तराजूत कसं टाकता?

वेमोच्या ५.६७ कोटी मैलांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे नऊ कोटी किलोमीटरहून जास्त, सुकाणूवर माणूस नसताना. त्याच शहरांतल्या मानवी चालकांच्या तुलनेत पादचाऱ्यांना इजा होणारे अपघात ९२ टक्क्यांनी कमी, सायकलस्वारांचे ८२ टक्क्यांनी कमी. अभ्यास कंपनीच्याच लोकांचा, हा आक्षेप येणार म्हणून आधीच सांगतो: स्विस री या पुनर्विमा कंपनीसोबत २.५३ कोटी मैलांवर विम्याचे दावे तपासले, तिथे मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ८८ टक्क्यांनी आणि शारीरिक इजेचे ९२ टक्क्यांनी कमी निघाले. दावा म्हणजे कुणीतरी पैसे मागितलेत. तो लपत नाही.

अडीचकी

फुलपात्र, इजेचे आकडे मान्य. पण तुम्ही 'लोक मरतात' म्हणालात, आणि मृत्यूंबद्दल हे आकडे फार काही सांगत नाहीत.

अमेरिकेत २०२३ मध्ये दर १० कोटी मैलांमागे साधारण १.२६ मृत्यू झाले. म्हणजे एक मृत्यू सुमारे ८ कोटी मैलांमागे. ५.६७ कोटी मैलांत सरासरी माणसाकडूनही एखाद्या वेळी शून्यच मृत्यू होतील. संख्याशास्त्रातला ढोबळ नियम असा: शून्य घटना पाहून ९५ टक्के खात्रीने 'आमचा दर यापेक्षा कमी' म्हणायचं असेल, तर एका मृत्यूमागच्या सरासरी अंतराच्या तिप्पट अंतर निर्धोक कापावं लागतं. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१६ मध्ये त्या वेळच्या दराने हाच आकडा २७.५ कोटी मैल काढला होता. बरं, राष्ट्रीय सरासरीत महामार्ग आणि खेड्यातले रस्तेही येतात. शहरातल्या हळू रस्त्यांवर माणसाचाही मृत्युदर वेगळा असतो, त्यामुळे नुसता तो आकडा शेजारी ठेवून जमत नाही.

मानवी अपघातांची नोंदही अर्धवट असते. किरकोळ ठोकर पोलिसांपर्यंत जातच नाही, उलट या गाड्यांना बारीकसारीक धक्काही कळवावा लागतो. म्हणून एअरबॅग उघडलेले अपघात मोजणं जास्त बरं. एअरबॅग दोन्हीकडे सारखीच उघडते. त्या मापावरही वेमो सरस आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

बंबवाला

टक्केवारी झाली असेल तर जरा आगीच्या जागी येऊ या.

घराला आग लागली की पहिला बंब हायड्रंटजवळ लागतो, पाण्याचा होज रस्त्यावर पसरतो, शिडीची गाडी इमारतीसमोर जागा मागते. शिडीच्या गाडीला आधाराचे पाय बाहेर काढायला दोन्ही बाजूंना जागा लागते. अशा वेळी मध्येच एक मोटार उभी राहिली तर तिचा चालक काच खाली करतो, आम्ही ओरडतो, तो मागे घेतो. दहा सेकंदांचं काम. इथे ओरडायचं कुणावर?

जानेवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ या जनरल मोटर्सच्या चालकाविना टॅक्सी कंपनीची गाडी होजवर चढायला निघाली तेव्हा जवानांना तिची काच फोडून तिला थांबवावं लागलं. ऑगस्ट २०२३ पर्यंत तिथल्या अग्निशमन दलाने अशा अडथळ्यांच्या ५५ हून जास्त घटना लिहून ठेवल्या होत्या. तरी १० ऑगस्टला राज्याच्या उपयोगिता आयोगाने ३ विरुद्ध १ मतांनी वेमो आणि क्रूझ या दोन्ही कंपन्यांना दिवसरात्र भाडं घेऊन फिरायची मोकळीक दिली. आठवड्यात क्रूझच्या टॅक्सीची आणि एका बंबाची धडक झाली, आत प्रवासी असताना. मग क्रूझला ताफा निम्मा करायला सांगितलं: दिवसा ५०, रात्री १५०.

होजवर चाक का चढू नये हे न कळणाऱ्यांसाठी: दाबाखालचा होज दाबला गेला की पुढच्या टोकाला नोझल धरून आत शिरलेल्या जवानाचं पाणी तुटतं. फुलपात्रसाहेब, हा 'उशीर' नाही.

चहाबिस्किट

बंबवाला +१. पण माणसंही बंबाला वाट देत नाहीत हो, ते कोण मोजतंय?

तिसरा_डोळा

उंबरठा यांची 'लवकर रस्ता मोकळा करा' ही अट ऐकायला छान आहे. तिचा परिणाम २ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री दिसला.

मार्केट स्ट्रीट आणि फिफ्थ स्ट्रीटच्या चौकात माणूस चालवत असलेल्या एका मोटारीने एका महिलेला उडवलं, ती शेजारच्या क्रूझसमोर पडली. क्रूझने ब्रेक लावला, पण गाडी तिच्यावर गेली. इथवर कुठल्याही चालकाचं झालं असतं असं म्हणता येईल. पुढचं नाही. गाडी थांबली, टक्कर बाजूने झाली असा तिने समज करून घेतला आणि ठरल्याप्रमाणे 'वाहतुकीला अडथळा नको' म्हणून कडेला जायला निघाली. बाई गाडीखाली होती. सुमारे २० फूट, म्हणजे सहा मीटर, फरफटत नेलं.

ती हालचाल बिघाड नव्हती. कुणीतरी मागितलेली, लिहिलेली, तपासलेली सोय होती. अडकलेल्या गाड्यांवर ओरड सुरू असताना प्रोग्रामर काय करणार? 'शंका आली की कडेला घे' हेच. माणूस चालक खाली उतरून वाकून बघतो. छतावरच्या लायडारला, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्राला, गाडीच्या पोटाखालचं दिसत नाही. बंपरजवळ जास्तीचे लायडार असले तरी चाकांमधल्या जागेत नजर नसतेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मिशन भागात किटकॅट नावाचं दुकानातलं लाडकं मांजर वेमोखाली गेलं तेही तसंच, उभ्या गाडीखाली शिरलेलं.

उंबरठा

तिसरा_डोळा, तुमचं उदाहरण माझ्या अटीविरुद्ध जात नाही, तिचे दोन भाग पाडतं. स्पर्श झाल्याची जराही शंका असेल, मग तो बाजूने असो की पुढून, तर गाडीने तसूभर हलायचं नाही. माणसाने बघून सांगेपर्यंत. स्पर्श नसेल, नुसता गोंधळ असेल, तर घड्याळ सुरू.

आणि क्रूझची परवानगी नुसत्या अपघातामुळे गेली नाही. फरफटीची माहिती यंत्रणेपासून दडवली, हे राज्याच्या वाहन विभागाने २४ ऑक्टोबरला परवाना थांबवताना दिलेलं एक कारण होतं. पुढे ९५० गाड्यांचं सॉफ्टवेअर मागे घ्यावं लागलं, प्रमुखाने राजीनामा दिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने या धंद्यातून हात काढून घेतला.

तिसरा_डोळा

दोन भाग कागदावर सोपे. 'जराही शंका' म्हणजे किती? प्लॅस्टिकची पिशवी घासली तरी एक शंका येते. शंकेचा उंबरा खाली ठेवलात तर गाड्या पिशव्यांपायी चौकात उभ्या राहतील, वर नेलात तर ऑक्टोबर २०२३. मधला आकडा कुणी कायद्यात लिहून देणार नाही.

आता विजेच्या रात्रीकडे. तिथे नेमकं काय तुंबलं ते समजून घ्या. दूरचा मदतनीस व्हिडिओ गेमसारखी गाडी हाकत नाही. गाडी चित्र पाठवून प्रश्न विचारते, 'हा सिग्नल खरंच बंद आहे का?', 'या अडथळ्याला डावीकडून वळसा घालू का?', तो पर्याय निवडतो, चालवते गाडीच. नमुना हिशोब करा, आकडे उदाहरणापुरते. एका मदतनिसामागे २० गाड्या, प्रत्येकीचा अर्ध्या तासाला एक प्रश्न, उत्तराला ३० सेकंद. तासाला ४० प्रश्न, २० मिनिटांचं काम. तो निवांत आहे. वीज गेली, प्रत्येक गाडीला दर दोन मिनिटांनी एक बंद सिग्नल. तासाला ६०० प्रश्न, ३०० मिनिटांचं काम. तासाभरात पाच तासांचं काम आलं की रांग नुसती लांबत नाही, फुटते, कारण उभ्या राहिलेल्या गाडीमागे दुसरी अडकते आणि ती आपला वेगळा प्रश्न विचारते.

माणसं पाचपट ठेवणं हा उपाय नव्हे. त्या भागात वीज गेली आहे ही खबर पूर्ण ताफ्याला एकदाच द्यायची, म्हणजे प्रत्येक सिग्नलला वेगळी खात्री लागत नाही. वेमोने नंतर त्याच दिशेचा बदल जाहीर केला.

अडीचकी

आणि तो बदल केला की एक राखण गेली. खात्री करून घेण्याची पायरी होती कशाला? समोर ट्रक असल्याने सिग्नल दिसत नसेल, कॅमेऱ्यावर ऊन असेल, तर 'बंद आहे' समजून घुसू नये म्हणून. आता वीज गेलेल्या भागाच्या कडेला जिथे एक चौक चालू आणि एक बंद, तिथे काय?

माझी मूळ काळजी निराळी आहे. हजार चालक हजार प्रकारे चुकतात. एका ताफ्यात एकच चालक हजार ठिकाणी बसलेला असतो, चुकला तर सगळीकडे एकाच मिनिटाला चुकतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ बीचला क्रूझच्या गाड्या एकगठ्ठा थांबल्या तेव्हा कंपनीने संगीत महोत्सवामुळे मोबाइल नेटवर्कवर आलेल्या ताणाकडे बोट दाखवलं होतं. फुलपात्रांची सरासरी या जातीच्या धोक्याला पकडत नाही.

फुलपात्र

अडीचकी, याच नाण्याची दुसरी बाजूही सांगा की. एकच चालक आहे म्हणून चूक एका रात्रीत सगळीकडे दुरुस्तही होते. फिनिक्समध्ये एक गाडी लाकडी खांबाला धडकली, वेमोने जून २०२४ मध्ये ६७२ गाड्यांचं सॉफ्टवेअर बदललं. मुंबईत एका टॅक्सीवाल्याने दुभाजक ठोकला तर बाकीचे काय शिकतात?

शिवाय कुत्रा सोबत घेतलेल्या अंध प्रवाशाला बघून ही गाडी पुढे पळत नाही. अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेचा या तंत्राला पाठिंबा आहे, तो उगाच नाही.

बंबवाला

अंध प्रवाशाला चालते, चाकाच्या खुर्चीवाल्याला? रॅम्प असलेली गाडी मागवा आणि बघा कोण येतं. माणूसच येतो.

आणि 'एका रात्रीत दुरुस्त' म्हणताय तर ऑस्टिनच्या शाळा-बस आठवा. मुलं उतरताना बसचा 'थांबा' फलक बाहेर आलेला असताना गाड्या पुढे गेल्या. सॉफ्टवेअर बदललं, तरी शाळांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये रीतसर रिकॉल करावा लागला.

कलम_कसाई

कायद्याचा भाग सगळे सोडून देताय. कॅलिफोर्नियात रस्त्यावर उतरायची परवानगी राज्याचा वाहन विभाग देतो, भाडं घ्यायची परवानगी राज्याचा उपयोगिता आयोग. महापालिकेला मत नाही. तिचं अग्निशमन दल, तिची वाहतूक, तिचे चौक. निर्णय मात्र राज्याचा. शहरांना अधिकार देणारं विधेयक २०२४ मध्ये आलं, पुढे गेलं नाही.

दंडाचंही तसंच. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी बेकायदा यू-टर्न घेणारी वेमो अडवली, पावती कुणाच्या नावे फाडायची तेच कळेना. २०२४ मध्ये संमत झालेला एबी १७७७ हा कायदा १ जुलै २०२६ पासून लागू होण्यासाठी लिहिला आहे: पोलिस कंपनीला नियमभंगाची नोटीस देऊ शकतात, गाडीत दोन्ही बाजूंनी बोलता येईल असं यंत्र हवं, आणि आपत्कालीन यंत्रणेने एखादा भाग रिकामा करायला सांगितला की कंपनीने दोन मिनिटांच्या आत ताफ्याला तसा आदेश द्यायचा. उंबरठा, तुमच्या मिनिटांची सुरुवात इथे झालेली आहे. फरक एवढाच की ही दोन मिनिटं आदेश देण्याची आहेत, रस्ता मोकळा होण्याची नाहीत. आणि नोटिशीत दंडाची रक्कम नाही.

संत्राबर्फी

हे सगळं आपल्याकडे येणारच नाही म्हणून चर्चा कशाला? गडकरींनी २०१७ मध्ये आणि परत २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्पष्ट सांगितलंय, चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून परवानगी नाही.

कलम_कसाई

मंत्र्यांचं भाषण म्हणजे कायदा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम २-ब आलं. नव्या प्रयोगांसाठी काही वाहनांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार त्यात केंद्राला आहे. दार बंद आहे, कुलूप नाही. आणि आपल्याकडेही ते उघडायचा अधिकार केंद्राकडे असेल, मुंबई महापालिकेला कुणी विचारणार नाही.

चहाबिस्किट

दारावरून आठवलं. प्रवासी दार नीट न लावता उतरला की वेमोच्या या जॅग्वार गाड्या जागेवरून हलत नाहीत. उंबरठा, ही मिनिटं कुणाच्या खात्यात?

उंबरठा

कंपनीच्या. प्रवासी तिचा, दार तिचं. आपोआप सरकणाऱ्या दारांची नवी गाडी त्यांनी काढलीच आहे, म्हणजे दुखणं त्यांनाही माहीत आहे.

अट अशी लिहा: स्पर्शाची शंका नसताना गाडी चालत्या मार्गिकेत दोन मिनिटांहून जास्त उभी राहिली की नोंद. नोंदीत जागा, वेळ, कारण, आणि ती कशाने हलली: स्वतः, मदतनिसाने, की टोइंगने. दर महिन्याला रस्त्यांच्या नावांसकट जाहीर. दर हजार फेऱ्यांमागे नोंदी ठरलेल्या मर्यादेवर गेल्या तर पुढच्या महिन्यात ताफा वाढणार नाही. वीज, नेटवर्क, पूर यांतलं काहीही गेलं तर ठरावीक वेळेत नव्या फेऱ्या बंद आणि गाड्या कडेला.

फुलपात्र

मग हीच नोंद माणसांच्या टॅक्सींचीही ठेवा. दुसऱ्या रांगेत गाडी लावून प्रवाशाची वाट बघत बसणारा ॲपवाला दोन मिनिटं कधीच ओलांडतो, तेही हॅझार्ड लाइट लावून. तुलनेला आकडा नसेल तर तुमची मर्यादा कुठून काढणार?

बंबवाला

काढा की. चौकातले कॅमेरे आहेत, मोजायला कोण अडवतंय? फक्त एक रकाना वाढवा: काचेवर टकटक केल्यावर किती सेकंदांत हलली.